त्याचं मराठी फार छान होतं

दशहरी आला की लखनौची माणसं खुशीत येतात. कॉलनीचा चौकीदार, दूधवाला, शेजारचे मिश्राजी, सगळे आधी आंब्याचं विचारतात आणि मग तब्येतीचं. जूनची लू अंगाची लाही करत असते, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तरी लोक गाड्या काढून मलिहाबादच्या रस्त्याला लागतात आणि डिकी भरून आंबे घेऊन येतात. माझं तर कामच आंब्याचं. गेली पंचवीस वर्षं मी इथल्या एका संशोधन संस्थेत आंब्यावरच्या फळमाशीचा अभ्यास करते, त्यामुळे हंगामात आमच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसते. वर्तमानपत्रात गुंडाळलेले दशहरी, बादलीत बुडवून ठेवलेले दशहरी, आणि झाडावरच पिकून पडलेले, ज्यांना इथे टपका म्हणतात, ते तर आल्या आल्या उभ्यानेच चोखायचे. चार वर्षांपूर्वीपर्यंत मीही या दिवसांत खुशीत असायची. आता तो वास आला की मला लाज वाटायला लागते.

यंदा वासाच्या आधी फोन आला. आमच्या इथल्या मराठी मंडळातली वैशाली बोलत होती. "अगं, ओंकार परत आलाय लखनौला! चिनहटला नोकरी लागलीय त्याला. आमच्या सईशी काय छान जमतं त्याचं! परवा जेवायला आला होता. किती गोड मराठी बोलतो गं, आपली पोरं बघ आणि तो बघ. तुझी फार आठवण काढत होता. म्हणाला, थालीपीठ खावं तर काकूंच्या हातचं."

मी म्हटलं, "हो का."

"चांगला आहे ना गं मुलगा?"

मी म्हटलं, कुकरची शिट्टी होतेय, नंतर बोलते. कुकर लावलेलाच नव्हता. पन्नाशी ओलांडलेली, नावामागे डॉक्टर लावणारी बाई मी, आणि एका सरळ प्रश्नाला घाबरून न लावलेल्या कुकरच्या मागे लपले.

आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे शब्दांचे फुलोरे करून स्वतःला वाचवायचा मोह होणार नाही. चार वर्षांपूर्वीच्या दशहरीच्या हंगामात हा ओंकार माझ्या मुलीला, जुईला, मारत होता. ती त्याला टाळायला बघत होती. आणि ती कुठे आहे, हे त्याला रोज मी सांगत होते.

जुई लखनौतच जन्मली आणि वाढली. तिचे बाबा बँकेत, मी संस्थेत, दोघंही मूळचे मिरजेकडचे. घरात आम्ही मराठी बोलायचो आणि ती हिंदीत उत्तर द्यायची. "पोहे खातेस का गं?" "हाँ, थोड़े से." असं वीस वर्षं चाललं. इथल्या बहुतेक मराठी घरांत असंच चालतं, पण मला ते फार लागायचं. सुट्टीत मिरजेला गेलो की आमची पोरगी खालमानेने "हाँ जी, हाँ जी" करायची आणि माझ्या जावा एकमेकींकडे बघून हसायच्या. मी परत येऊन जुईवर चिडायची. ती मुलगी अभ्यासात हुशार, स्वभावाने मऊ, चित्रं सुंदर काढायची. यातलं काही मला पुरेसं वाटत नव्हतं, असं आता वाटतं.

आणि मग मंडळाच्या गणपतीत ओंकार आला. सांगलीकडचा, व्यवस्थापन शिकायला इथे आलेला, जुईपेक्षा दोन वर्षांनी मोठा. माझ्या मोदकांचं ताट बघून म्हणाला, "काकू, कळ्या काय सुरेख पाडल्यात!" मोदकाला कळ्या पाडतात हे बावीस वर्षांच्या पोराला माहीत होतं. मी तिथेच पाघळले. त्या दिवसापासून तो घरचाच झाला. रविवारी यायचा, वाकून नमस्कार करायचा, थालीपिठावर लोण्याचा गोळा मागून घ्यायचा, माझ्या आजोळच्या गावाचं नाव काढायचा. जुईच्या बाबांची तेव्हा गोरखपूरला बदली होती, ते पंधरा दिवसांनी यायचे. घरात माझ्याशी माझ्या बोलीत गप्पा मारणारं कुणी नव्हतं, आणि आता मिळालं होतं. जुईला तो आवडतो हे कळलं तेव्हा तिच्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला असेल.

त्या साली उन्हाळा लवकर पेटला. मी दिवसभर बागांमधून फिरायची. झाडांवर लटकवलेल्या सापळ्यांतल्या माश्या मोजायच्या आणि दर सोमवारी बागवाल्यांच्या फोनवर एक निरोप पाठवायचा, हे माझं काम. त्यात धोका कशाने वाढतो ते लिहायचं. फांद्यांची गर्दी, ढगाळ दमट हवा, खाली पडलेली फळं तशीच सोडणं. मग कशाने कमी होतो ते लिहायचं. ऊन आत शिरू द्या, वारा खेळू द्या, पडलेलं फळ त्याच दिवशी उचला. बागवाले या निरोपांची वाट बघतात. मी लिहिलेलं बहुतेक वेळा खरं ठरतं, याचा मला केवढा तोरा होता.

बागेत असतानाच त्याचे फोन यायचे. "काकू, जुई फोन उचलत नाहीये हो. जीवाला घोर लागतो. एकटी स्कूटीवर हिंडते, इथलं वातावरण तुम्हाला माहितीच आहे." आणि मी, जिला या शहराने एकवीस वर्षं सांभाळलं, जिच्या बाळंतपणात शेजारच्या मिश्राइननी पंधरा दिवस डबा पोहोचवला, मीसुद्धा "हो ना रे, खरंय" म्हणायची. मग सांगायची. आज लायब्ररीत आहे. आज अलीगंजला फरहीनकडे गेलीय, सहापर्यंत येईल. आज क्लासला मागच्या रस्त्याने जाते म्हणाली. हळूहळू त्याने न विचारताच सांगायला लागले. मला वाटायचं, किती काळजी करतो. माझ्या नवऱ्याने मला कधी दोनदा फोन केला नव्हता.

फरहीन ही जुईची शाळेपासूनची मैत्रीण. ओंकार एकदा फार हळुवारपणे म्हणाला, "काकू, ती फरहीन जरा जास्तच मोकळी आहे. जुई तिच्याकडे कमी गेली तर बरं." मी जुईला तसं सांगितलं. त्याने म्हटलं, बिनबाह्यांचे कुर्ते नकोत. मी तेही सांगितलं. प्रत्येक वेळी मला वाटत होतं की मी आईचं काम करतेय.

इथल्या मुली उन्हाळ्यात स्कूटी चालवताना कोपरापर्यंत पांढरे हातमोजे घालतात आणि तोंडाला ओढणी गुंडाळतात, नुसते डोळे दिसतात. तेव्हा जुई लांब बाह्यांचे कपडे घालायला लागली याचं मला काही वाटलं नाही. ती घरातही, पंख्याखाली घामाघूम होऊनही, बाह्या वर करत नव्हती. मी चेष्टा केली, "काय गं, गोरी व्हायचंय वाटतं लग्नाआधी?" ती हसली. मला अजून ते हसू दिसतं. माझ्या चेष्टेची लाज राखायला ती हसली होती.

जूनच्या मध्यावर मी त्या दोघांना मलिहाबादला एका बागेत घेऊन गेले. बागेच्या मालकीणबाईंना सगळे आपा म्हणतात. साठीच्या, ठसठशीत, तोंडाच्या फटकळ. झाडाखाली खाटा टाकलेल्या, हापशाच्या गार पाण्यात आंबे घातलेले, वर लग्गीने, म्हणजे लांब काठीच्या झेल्याने, फळ तोडायचं काम चाललेलं. आपांनी जुईला विचारलं, "बिटिया, दशहरी लोगी कि लखनौआ?" ओंकारच म्हणाला, "उसको दशहरी पसंद है." आपा म्हणाल्या, "बहुत गर्मी है, आस्तीन चढ़ा लो, हाथ-मुँह धो लो." जुईने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नहीं, ठीक है." रस कोपरापर्यंत ओघळत होता आणि ती तशीच ओल्या, चिकट बाहीने बसून राहिली.

निघताना आपांनी मला बाजूला घेतलं. "डॉक्टर साहब, आपकी बिटिया जवाब देने से पहले उस लड़के का मुँह देखती है."

मी हसून म्हटलं, "अभी नया-नया है ना सब."

"हमारे यहाँ तो नई बहू भी इतना नहीं देखती," त्या म्हणाल्या.

मला राग आला. परतीच्या रस्त्यावर ओंकार गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी बसून मिरजेच्या गोष्टी काढत होते आणि मनात म्हणत होते, कोण कुठली बाई, हिला काय करायचंय. मागच्या सीटवर जुई झोपल्यासारखी डोळे मिटून होती. पडलेलं फळ त्याच दिवशी उचला, असं सगळ्या तालुक्याला सांगणारी मी. एक बाई माझ्या हातात ते उचलून देत होती आणि मी हात मागे घेतला.

त्यानंतर आठवड्याने, भर दुपारी, फरहीन आमच्या दारात उभी राहिली. अलीगंजहून त्या लूमध्ये स्कूटीवर आलेली, चेहरा लालबुंद. जुई घरात नव्हती. मी तिला आत घेतलं, पण मनापासून नाही. पाणी दिलं. तिने पेला हातातच धरला.

"आंटी, बुरा मत मानिएगा. आप ओंकार को बताना बंद कर दीजिए."

"क्या बताना?"

"यही कि जुई कहाँ है. वो हर बार पहुँच जाता है. हम लोग जगह बदलते हैं, फिर भी पहुँच जाता है. हम समझते थे उसने फ़ोन में कुछ डाल रखा है. कल जुई ने बताया, फ़ोन में कुछ नहीं है. आप हैं."

मग तिने सगळं सांगितलं. त्याने जुईचा फोन भिंतीवर आपटला होता. मला जुईने सांगितलं होतं की जिन्यात पडला. त्याने भर रस्त्यात दंड धरून तिला स्कूटीवरून खाली ओढलं होतं. तो आधी रडायचा, मग मारायचा, मग पुन्हा रडायचा. आदल्या दिवशी जुई फरहीनकडे होती तेव्हा तो खाली येऊन ओरडायला लागला. "अम्मी ने दरवाज़ा नहीं खोला. खिड़की से बोलीं, बिटिया अंदर है, जब उसका मन होगा तब जाएगी. वो घंटा भर खड़ा रहा, अम्मी भी खिड़की पर खड़ी रहीं."

ती अलीगंजला आहे हे त्याला कुणी सांगितलं होतं ते मला माहीत होतं. आणि तरी माझ्या तोंडातून जे पहिलं वाक्य आलं ते असं: "नहीं बेटा, वो ऐसा नहीं है. हमारे उधर के लड़के ऐसे नहीं होते."

फरहीन माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. फार दमल्यासारखी. तिने पेला खाली ठेवला, हातमोजे चढवले आणि म्हणाली, "हमने अम्मी से कहा था, आपको फ़ोन कर लें. जुई ने मना कर दिया." आणि ती त्याच उन्हात निघून गेली.

संध्याकाळी जुई आली. मी तिचा हात धरला आणि बाही वर केली. दंडावर चार बोटांचे निळे ठसे होते, काही ताजे, काही पिवळे पडत चाललेले. तिने हात ओढून घेतला नाही. तिने मला ते बघू दिलं, आणि ओंकारला फरहीनकडचा पत्ता देणारा माझा फोन ओट्यावर तसाच पडलेला होता.

पुढचं सगळं रीतसर झालं. तिचे बाबा रात्रीच्या गाडीने आले. त्याच्या संस्थेला पत्र गेलं, त्याला तंबी मिळाली. पोलिसांत जायला जुई तयार नव्हती, आम्ही जबरदस्ती केली नाही. समुपदेशन करणाऱ्या एका बाईंकडे ती वर्षभर जात राहिली. त्याचा मला एकदाच फोन आला, "काकू, तुम्ही तरी समजून घ्या." तेवढ्यातही त्याचं मराठी छान वाटलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी फोन ठेवला. शिक्षण संपवून तो गेला. मंडळात मात्र मी चकार शब्द काढला नाही. जुईचं नाव खराब होईल, असं कारण मी स्वतःला दिलं. जुईला विचारलं नव्हतं. खरं तर मला माझं नाव वाचवायचं होतं. त्याला डोक्यावर घेऊन मंडळभर मिरवलं होतं ते मीच.

त्या समुपदेशनाच्या बाईंनी एकदा मला विचारलं होतं, असं व्हायला कशाकशाने वाव मिळाला, तुम्हाला काय वाटतं? मी तेव्हा त्याच्या घराबद्दल, त्याच्या संतापाबद्दल बोलत सुटले. त्याचं त्याच्यापाशी, ते काही माझ्याने धुतलं जाणार नाही. पण सोमवारचा निरोप लिहायला बसले की ते दोन मथळे माझ्याकडे बघतात. धोका वाढला तो कशाने? मुलीला तिच्या मैत्रिणीपासून मी तोडत होते त्याने. पाळतीला मी माया म्हणत होते त्याने. एका मुलाच्या बोलण्यावर भाळून मी त्याचे हात बघितलेच नाहीत त्याने. आणि कमी कशाने झाला? फरहीनने, तिच्या अम्मीच्या बंद दाराने, आणि जुईकडे स्वतःची स्कूटी होती म्हणून. आपांनी तर मला सांगूनही बघितलं. या दुसऱ्या मथळ्याखाली मी स्वतःला कितीदा शोधलं. नाही सापडले.

वैशालीच्या फोननंतर दोन दिवस मी अन्न नुसतं चिवडलं. मग जुईला फोन लावला. ती आता हैदराबादला असते, चित्रांचंच काम करते, बरी आहे.

"ओंकार परत आलाय. वैशालीच्या सईबरोबर हिंडतोय."

ती म्हणाली, "अच्छा."

"वैशालीला सांगावं म्हणते. पण तुझं नाव येईल."

"आने दो. मैंने क्या किया है?"

तिने इतक्या सहज म्हटलं, की चार वर्षं जो प्रश्न मी गिळत आले होते तो बाहेर पडला. "जुई, तू तेव्हा मला का नाही सांगितलंस?"

"बताया था, आई."

"केव्हा?"

"मई में. तुम मेथांबे के लिए कैरी काट रही थीं. मैंने कहा, आई, आज ओंकार ने मेरा हाथ मरोड़ दिया. तुमने पीछे मुड़कर देखा भी नहीं. बोलीं, मराठीत सांग, तरच ऐकीन."

"मग?"

"फिर मैंने कहा, कुछ नहीं."

मला हे आठवत नाही. मेथांबा आठवतो, त्या साली गूळ जरा जास्त पडला होता तेही आठवतं. मराठीत सांग, तरच ऐकीन, हे मी तिला ती तीन वर्षांची असल्यापासून दिवसातून दहा वेळा म्हणत आलेय. फ्रॉक हवा, मराठीत सांग. पोट दुखतंय, मराठीत सांग. आमच्या घरातला तो खेळच होता, पाहुण्यांसमोर कौतुकाने खेळायचा. ती मला सांगायला आली नाही, या एका समजुतीवर मी चार वर्षं काढली होती. तेवढा एक आडोसा होता मला.

मी म्हटलं, "माझं चुकलं." एवढंच सुचलं, आणि तेही इतक्या उशिरा की म्हणतानाच शरम वाटली.

"मालूम है," जुई म्हणाली. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर सोपं गेलं असतं. मग म्हणाली, "वैशाली आंटी को बाद में बताना. पहले सई से मिलो. और आई, वो जिस भाषा में बोले, बोलने देना."

काल संध्याकाळी सईला भेटले. तिच्या कॉलेजजवळच्या बागेत, एका बाकावर. एकोणीस वर्षांची, बारीक चणीची, ओठ घट्ट मिटून बसलेली. आईची मैत्रीण भेटायला बोलावते म्हणजे उपदेश असणार, हे तिने धरूनच ठेवलेलं. हातात फोन, दर मिनिटाला तो उजळत होता आणि ती बघत होती. ओंकार कसा आहे हे मी सांगितलंच नाही. त्यावर ती उठून गेली असती, जुईही गेली असती. मी माझं सांगितलं. त्याचे फोन यायचे आणि मी कायकाय सांगायची, ते. आपा काय म्हणाल्या आणि मला कसा राग आला, ते. फरहीनला मी दिलेलं उत्तर. आणि मेथांब्याच्या दिवशीचं, जे मलाही चार दिवसांपूर्वीच कळलं होतं. सगळं सांगताना माझा आवाज चिरकत होता आणि बाजूच्या बाकावरचे आजोबा वळून बघत होते. बघू देत, म्हटलं.

सईचा फोन पुन्हा उजळला. तिने तो पालथा घातला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"आंटी, जुई दीदी अब आपसे बात करती हैं?"

या मुलीशी खोटं बोलून चालणार नव्हतं. मी म्हटलं, "करते. पण काही झालं तर आधी फरहीनला सांगते."

ती मान खाली घालून नखाने बाकाचा रंग खरवडत राहिली. मग तिने हिंदीत बोलायला सुरुवात केली, आणि अंधार पडेपर्यंत मी तिला मध्ये एका शब्दानेही अडवलं नाही.